पोर्तुगालच्या सिनेमाचा उरलेला भाग

सकाळी चहा गाळत होते तेव्हा फोन आला. नंबर ओळखीचा नव्हता. "मी मुरूडहून बोलतोय, सुनंदाचा भाऊ. अक्का गेली..." एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. सुनंदा माझी अर्ध्या आयुष्याची मैत्रीण, पण तिच्या भावाचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

सुनंदा नांदेडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची, मी तिथंच ग्रंथपाल होते. तिनं लिंगायत समाजाबाहेर लग्न केलं आणि लातूरजवळच्या मुरूडचं माहेरघर तिला बंद झालं. धाकटा भाऊ शिवराज तेव्हापासून बोलला नव्हता. पुढं नवराही गेला. मूलबाळ नव्हतं. या सगळ्याबद्दल ती कधी बोलायची नाही. बोलायची ती सिनेमाबद्दल. महिन्यातल्या एका रविवारी कॉलेजच्या छोट्या हॉलमध्ये आम्ही परदेशी सिनेमे दाखवायचो. सुरुवातीला जागा मिळायची नाही. मग माणसं गळत गेली, हॉलही गेला, आणि शेवटी तिच्या फ्लॅटच्या पुढच्या खोलीत आम्ही दोघीच उरलो.

तिथंच आम्ही तो पोर्तुगालचा सिनेमा पाहिला. त्याचं नाव मला कधी धड उच्चारता आलं नाही. परदेशात मोलमजुरी करून म्हातारी झालेली एक बाई डोंगरातल्या गावी भावाकडं परत येते. तो तिला खाट देतो, वाटीभर सूप देतो, बोलत मात्र नाही. मला कंटाळा आला, तसं मी म्हटलंही. सुनंदा मग कितीतरी वेळ सांगत राहिली. गरीब देश, वर्षानुवर्षांची हुकूमशाही, पोटासाठी बाहेर गेलेली माणसं... तिथल्या दिग्दर्शकांकडं सेट उभारायला पैसे नव्हते, म्हणून ते गावात गेले, खऱ्या गावकऱ्यांनाच नटांशेजारी उभं केलं आणि कॅमेरा हलवायची घाई केली नाही. सिनेमाच्या इतिहासात या देशाच्या वाट्याला जागा थोडी आली, पण थांबून माणसाकडं बघणं अनेकांनी त्याच्याकडूनच घेतलं, असं तिचं म्हणणं. "काही घडत नाही असं वाटतं ना, तेव्हा आपल्याला आपलं आठवायला लागतं," ती म्हणाली. त्यानंतर तो सिनेमा तिनं एकटीनं कितीदा पाहिला कुणास ठाऊक. मग एक दिवस बॅग भरून, लॅपटॉप घेऊन ती लातूरच्या बसमध्ये बसली. मुरूडला जाते आहे, एवढंच सांगितलं.

तो सकाळचा फोन आल्यावर काही आठवड्यांनी शिवराजअण्णा फ्लॅट आवरायला आले. सुनंदासारखंच नाक, कपाळावर विभूती. त्यांच्या तोंडून मला पुढचं कळलं. ती दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी फक्त "ये" म्हटलं होतं. एका दुपारी तिनं त्यांना शेजारी बसवून तो सिनेमा लावला, मराठीत समजावून सांगत राहिली. अर्ध्यात घरापुढच्या त्यांच्या दुकानावर गिऱ्हाईक आलं म्हणून ते उठले. उरलेला उद्या बघू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे झोपेतच ती गेली.

"बाई, पुढं काय होतंय त्यात?" त्यांनी विचारलं.

मी सांगायला गेले, पण सांगण्यासारखं फारसं नव्हतंच. म्हणून खिडकीचे पडदे ओढले आणि त्यांनी परत आणलेल्या लॅपटॉपवरून पुढच्या खोलीतल्या पडद्यावर सिनेमा लावला. शेवटी बहीण-भाऊ अंगणात बसून शेंगा सोलतात. कॅमेरा हलत नाही. ऊन उतरत जातं.

"संपला?"

"संपला."

"ते बोललेच न्हाईत की."

अण्णा रिकाम्या पडद्याकडं बघत होते. "आमी बी न्हाई बोललो," ते म्हणाले. "लई बोलायचं होतं. मी आपला दुकानात बसून राहिलो... वाटलं, आता हायच की ती घरी."

संध्याकाळच्या बसनं ते गेले. काहीच नेलं नाही. "किल्ली तुमच्याकडंच राहू द्या," म्हणाले.

रविवारी दुपारी मी तिथं जाते, एखादा सिनेमा लावते. सिनेमा संपला तरी सुनंदा उठायची नाही. वर सरकणारी नावं, अगदी स्वयंपाक्यापासून गाडीवाल्यापर्यंतची, तोंडातल्या तोंडात वाचत बसायची. तेवढ्यांनी मिळून केलंय, आपण निदान वाचावं, म्हणायची. शेवटचं नाव गेलं की मला सांगायची, "चल, आता दिवा लाव."

मी आता सगळी नावं वाचते. ती संपतात, आणि मी अंधारात तशीच बसून राहते.