फिरत्या गिरणीचा ब्रेक

“गेला! वैनी, गेला!” भावजी मागून ओरडले आणि त्याच दमात ट्रेलरने जीपला पाठीमागून ढकललं.

सदाने ब्रेक तळापर्यंत दाबला होता. जीप थांबायला तयार होती, पण मागची गिरणी तिला थांबू देत नव्हती. डावीकडे जांभा तोडून काढलेली दरड, उजवीकडे दरी, आणि जीपचं ढुंगण हळूहळू दरीकडे सरकत होतं. मी पुढे बसले होते.

“दरडीला घाल, मेल्या!” मी म्हटलं.

“घालतोय मावशी, वळत नाय!” सदा म्हणाला. सदा आमचा ड्रायव्हर.

गेला म्हणजे भावजींच्या हातातला दिवा गेला. तो दिवा कसला, हे कळायला आधी भावजी कोण ते सांगायला हवं.

ते माझे सख्खे दीर नव्हेत. माझ्या नवऱ्याचे दोस्त आणि आमचे शेजारी. पोफळीच्या वीजघरात उभी हयात काढून निवृत्त झाले आणि रत्नागिरीत आमच्या कुंपणाला लागून घर बांधून राहिले. माझा नवरा गेल्यावरही ते मला वैनी म्हणत राहिले आणि मी त्यांना भावजी.

कुठल्याही वस्तूला ते पहिल्यांदा उलट्या हाताने शिवत. तारेला तर शिवतच, पण चहाच्या कपालाही, भिंतीलाही, शेजारच्या पोराच्या तापलेल्या कपाळालाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “तळहाताने धरलं आणि करंट असला तर मूठ मिटते, वैनी. मग सुटत नाही.” मी म्हटलं, “चहात कसला करंट?” तर म्हणाले, “सवय एकच असावी.” अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. नोकरी सुटते, पण हात कामावरच राहतो.

दुसरी सवय बोलण्याची. एखादी बंद पडलेली वस्तू चालू झाली की आपण खूश होतो. ते व्हायचे नाहीत. “एकदा लागला म्हणजे लागला असं नाही,” असं म्हणून ते ती वस्तू बंद करत, पुन्हा चालू करत, हलवत, ठोकत. आमच्याकडचा मिक्सर त्यांनी असा ठोकून ठोकून कायमचा बंद पाडला. वर म्हणाले, “बघितलात? आज ना उद्या पडणारच होता.”

आता गिरणी. भात भरडायची गिरणी आणि तिचं डिझेल इंजिन, दोन्ही एका ट्रेलरवर बसवलेली. जीपला जोडायची आणि वाड्यावाड्यांतून फिरवायची. आतल्या गावांत तरुण माणसं मुंबईत, घरात म्हातारी. भात पिकतं, पण पोतं उचलून गिरणीपर्यंत न्यायला कोणी नाही. म्हणून गिरणीच दारात न्यायची. नवऱ्याने हा धंदा काढला, त्याच्यामागे मी चालवते.

ट्रेलर त्याने एका कंत्राटदाराच्या भंगारातून आणला होता. त्याचे ब्रेक विजेवरचे. सदाने जीपचा ब्रेक दाबला की स्टिअरिंगखालच्या डबीतून करंट मागे जातो, ट्रेलरच्या चाकांतली लोहचुंबकं ड्रमला चिकटतात आणि ट्रेलर आपला आपण थांबतो. आमच्याकडच्या गॅरेजवाल्यांनी असले ब्रेक पाहिले नव्हते. भावजींनी उघडून बघितले, दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत, आणि मग त्यांनीच सगळं वायरिंग नव्याने केलं. तेव्हापासून ब्रेक त्यांचा झाला. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

दसऱ्याला आम्ही गिरणीची पूजा करतो. झेंडूचा हार, नारळ, हळदकुंकू. त्याच्या आधी ट्रेलरला रंग, आणि तो भावजींनीच द्यायचा. यंदा हिरवा ऑइलपेंट आणला. “पूजेला लोखंड उघडं दिसता नये,” म्हणाले, आणि ट्रेलरखाली आडवे होऊन जिथे कुत्रंसुद्धा बघणार नाही तिथेही ब्रश फिरवला. ट्रेलर असा चकाकला की सदा म्हणाला, “भावजी, आता ह्याचं लग्न लावा.”

भात कापणी झाली आणि गिरणी बाहेर पडली. पहिल्याच आठवड्यात सदा म्हणाला, “मावशी, मागचा ब्रेक कधी लागतो, कधी नाय.”

भावजींना हे ऐकवेना. अंगणात जॅक लावून त्यांनी ट्रेलर उचलला. चाक हाताने फिरवायचे आणि ओरडायचे, “दाब!” सदा दाबायचा. चाक जागच्या जागी थांबायचं. शंभरदा केलं असेल, शंभरदा थांबलं. रस्त्यावर नेलं की कुठल्यातरी खड्ड्यानंतर ब्रेक गायब. परत आणलं की पुन्हा शहाण्यासारखा लागायचा.

आधी त्यांनी सदाला दोष दिला. “तुझा पाय हलका पडतो.” मग भाट्याच्या खाडीवरच्या खाऱ्या वाऱ्याला दिला, आणि जीप-ट्रेलरमधला प्लग बदलला. मग उंदरांना दिला, आणि करंट नेणारी वायर जीपपासून चाकापर्यंत नवीन ओढली. दोष गेला नाही.

“अर्थिंग बघितलंत काय?” सदाने एकदा विचारलं. अर्थिंग म्हणजे करंटची परतीची वाट. ट्रेलरच्या लोखंडाला एका बोल्टने एक वायर आवळलेली असते, तिच्यातून करंट जीपकडे परत येतो.

“तो बोल्ट मी माझ्या हाताने आवळलाय,” भावजी म्हणाले. “तू गाडी चालव.”

शेवटी त्यांनी एक छोटा दिवा ट्रेलरच्या ब्रेकला जोडला आणि त्याची वायर जीपमध्ये घेतली. ब्रेक दाबल्यावर दिवा लागला तर मागे करंट पोचला, नाही लागला तर नाही. दिवा हातात धरून ते जीपच्या मागच्या बाकावर, ट्रेलरकडे तोंड करून बसायचे. कुठल्या धक्क्याला जातो ते बघायचं होतं. “इथे होता... होता... लुकलुकला... आला,” असं ते पूर्ण रस्ताभर बोलत. मी म्हटलं, “भावजी, तापातल्या माणसासारखे बडबडू नका.” म्हणाले, “ताप ह्याला आहे, वैनी. मी नाडी धरून बसलोय.”

त्या दिवशी जायचं होतं ते मंडणगडकडच्या एका वाडीत. वाट अशी की शेवटी मोठा उतार. वाडीतल्या म्हातारीचा दोनदा फोन आला होता. घरात भात आहे, तांदूळ संपला. न जाण्याबद्दल बोलणं झालं. भावजी म्हणाले, “मी मागे दिवा धरून बसतो. गेला की ओरडेन. सदाने पहिला गिअर टाकून गाडी उभी करायची.” मी म्हटलं जाऊ. सदाही जाऊ म्हणाला. आधीच्या लहान उतारांवर दिवा दोनदा गेला आणि दोन्ही वेळा गाडी उभी राहिली. भावजी उतरायचे, प्लग हलवायचे, दिवा लागायचा. “एकदा लागला म्हणजे लागला असं नाही,” म्हणत परत चढायचे.

मोठ्या उताराच्या मध्यावर रस्ता उखडलेला होता. तिथे धक्का बसला आणि दिवा गेला. तिथे पहिल्या गिअरने भागत नव्हतं.

ट्रेलरला एक बारीक तारेची दोरी असते. एक टोक जीपला, दुसऱ्या टोकाला ट्रेलरवरची पिन. ट्रेलर सुटून पळाला तर पिन उपटली जाते आणि ट्रेलरवरची स्वतःची बॅटरी त्याचे ब्रेक लावते. भावजींना ते ठाऊक होतं. मी मागे वळून बघितलं तेव्हा ते मागचं फळकं पाडून बंपरवर उतरले होते. एका हाताने जीपची दांडी धरलेली, दुसरा हात त्या दोरीला.

“भावजी, आत या!”

“सदा, स्टिअरिंग सोडू नको हां,” एवढंच ते म्हणाले आणि त्यांनी दोरी ओढली.

ट्रेलरची चाकं जाम झाली. जीपला असा हिसका बसला की माझं डोकं काचेवर आपटलं. मग सगळं थांबलं. जीपचं मागलं चाक रस्त्याच्या कडेवर होतं. भावजी बंपरवर नव्हते. दरडीच्या बाजूच्या गटारात, जांभ्याच्या दगडांवर पडले होते.

आम्ही गेलो तेव्हा ते शुद्धीत होते. रक्त कानातून येत होतं, म्हणून मी सदाला त्यांना हलवू दिलं नाही. ट्रेलरकडे बघत होते. घाबरले नव्हते, विचार करत होते.

“मागच्या बॅटरीवर लागला,” ते म्हणाले.

“बोलू नका, भावजी.”

“मागच्या बॅटरीवर लागला म्हणजे मागचं सगळं बरोबर आहे. चाकं बरोबर. करंटची वायर नवीन आहे. राहिलं अर्थिंग.” श्वास घेतला. “सदा, बोल्ट काढून बघ. दसऱ्याला मी तो काढून खाली रंग दिला. रंगावरच परत आवळला.”

सदा रडायला लागला. मी म्हटलं, “रडतोस काय, खालच्या वाडीत पळ, गाडी बघ.” तो पळाला. भावजींनी डोळे मिटले. पुन्हा काही बोलले नाहीत. वाडीतली रिक्षा आली, पुढे मोठी गाडी मिळाली, पण दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले.

चौदावा झाल्यावर सदाने बोल्ट काढला. खाली रंग होता, हिरवा, गुळगुळीत, कुठे ओघळ नाही. असा हात फार थोड्या माणसांना असतो. रंगातून करंट जात नाही, म्हणून सदाने तो पात्याने लोखंडापर्यंत खरवडला आणि वायर परत आवळली. तेव्हापासून ब्रेक चुकलेला नाही.

त्यांच्या बायकोला, सुमनला, मी सगळं सांगितलं, रंगाचंही. लोक म्हणाले, हे तिला कशाला सांगायचं? मला लपवालपवी जमत नाही. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.

“मी म्हटलं होतं त्यांना, ताई,” ती म्हणाली. “अहो, बोल्ट कशाला काढताय, वरूनच ब्रश फिरवा. तर म्हणाले, खाली रंग नाही हे मला माहीत आहे ना.”

मी तिच्याजवळ बसले आणि तांदूळ निवडायला घेतले.

अजून वाड्यांमध्ये लोक विचारतात, उतारावर नक्की काय झालं, कोण कोण होतं गाडीत. कोणी म्हणतं पाच जण होते, कोणी म्हणतं गाडी दरीत गेली. गाडी दरीत गेली नाही. आम्ही तिघं होतो. सदा वाचला आणि मी वाचले.