रात्री अकराची लाळ

मी पनवेलच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, बावीस वर्षं. त्यामुळे घरात कुणी आजारी पडलं की फॉर्म मी भरायचा, डॉक्टरांशी मी बोलायचं आणि रिपोर्टही मीच वाचायचा, असा नियम आहे. तो नियम माझा मीच केलाय, हे माझा नवरा कुणालाही आनंदाने सांगेल.

आई गावाहून, गव्हाणहून, माझ्याकडे राहायला आली ती बीपीसाठी. तीन गोळ्या चालू, तरी बीपी उतरायचं नाव घेईना. त्यात साखर निघाली, चेहरा गोल झाला, पोट सुटलं. हार्मोन्सच्या डॉक्टरबाईंनी तिला नीट न्याहाळलं आणि लाळेची तपासणी सांगितली. कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन सकाळी वर असतं आणि रात्री झोपायच्या वेळी अगदी खाली येतं. ते रात्रीही खाली येत नसेल तर गाठीचा संशय घ्यायचा, बहुतेक वेळा मेंदूच्या खाली, आणि ती नाकातून ऑपरेशन करून काढायची. डॉक्टर हे सगळं फार शांतपणे सांगत होत्या. मला मात्र आईकडे बघवेना. माझे वडील डोक्याच्याच ऑपरेशनला मुंबईला गेले होते, ते परत आले नाहीत.

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "थुकी देईन. डोक्याला हात लावू देणार नाय."

"अगं, अजून काही निघालंय का?"

"निघालं तरी नाय."

लॅबमध्ये फॉर्म भरताना मी एकेक प्रश्न मोठ्याने वाचत होते. दारू? सिगारेट? तंबाखू? त्यावर आई अशी उसळली की शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. "मी काय बाप्यांसारखी तंबाखू खाते?" मी 'नाही'वर खूण केली आणि सही ठोकली.

त्यांनी दोन नळ्या दिल्या, प्रत्येकीत कापसाची एक सुरळी. लागोपाठ दोन रात्री बरोबर अकरा वाजता ती तोंडात धरायची, दोन मिनिटांनी परत नळीत टाकायची आणि सकाळपर्यंत फ्रिजमध्ये ठेवायची. तासभर आधी खाणं नाही, पिणं नाही, ब्रश नाही. नऊला झोपणारी आई अकरापर्यंत कशी जागी राहिली, हे मी तेव्हा विचारलंसुद्धा नाही, कारण आमचा खरा तंटा फ्रिजवरून झाला. उष्टं आणि दुधाच्या पातेल्याशेजारी? शेवटी नळी डब्यात, डबा पिशवीत, पिशवी भाजीच्या कप्प्यात आणि भाजी बाहेर ओट्यावर, असा तह झाला.

दोन्ही रिपोर्ट वाढलेले आले. मी ते स्टाफरूममध्ये मोबाइलवर वाचले आणि पुढच्या तासाला वर्गात काय शिकवलं ते मला आजही आठवत नाही. डॉक्टरांनी डोक्याचा एमआरआय करायला सांगितला. घरी येऊन बघते तर आई लुगडी पिशवीत भरत होती.

"मी गव्हाणला जाते. व्हायचं ते तिथं व्हईल."

"आणि माझं काय होईल?" मी ओरडले. शिकवण्याचा आवाज आहे माझा, खालच्या मजल्यापर्यंत गेला असेल. ओरडता ओरडता रडू फुटलं ते थांबेना. आईने पिशवीतलं वरचं लुगडं परत बाहेर काढलं. मग म्हणाली, "फोटो काढीन. पुढचं नाय." मला तेवढंही पुरेसं होतं.

एमआरआयच्या मशीनजवळ धातूचं काही चालत नाही. तिथल्या मुलीने आईला सगळं उतरवायला लावलं. कानातली गेली, पाटल्या गेल्या. मग आईने कमरेशी हात घातला आणि तिथे खोचलेली पत्र्याची चपटी डबी काढून ट्रेमध्ये ठेवली.

"यात काय आहे, आजी?"

"मशेरी. दातांना लावायची."

ती डबी मी जन्मापासून बघत आलेय. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटावर घेऊन हिरड्यांना चोळत बसायचं. सकाळी, दुपारी, कामं उरकल्यावर. आमच्या घरातल्या सगळ्या बायका लावायच्या. त्या भाजण्याच्या ठसक्याने आम्ही पोरं अंगणात पळायचो. आणि दरवर्षी शाळेत तंबाखूला शिवणार नाही अशी शपथ मुलांकडून म्हणून घेणारी मी, फॉर्मवर 'नाही' लिहून मोकळी झाले होते! आमच्या घरात मशेरी ही तंबाखू नव्हतीच कधी. ते दात घासणं होतं. माझ्या विज्ञानाची मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"आई, त्या दोन रात्री अकरापर्यंत जागी कशी राहिलीस?"

"कशी म्हंजे? मशेरी लावून. ब्रश नाय केला."

मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डबीचं आणि त्या दोन रात्रींचं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "एमआरआय थांबवा." तंबाखूमुळे लाळेतलं कॉर्टिसॉल खोटं वाढलेलं दिसू शकतं. तीन आठवडे मशेरी पूर्ण बंद ठेवायची, मग पुन्हा दोन नळ्या. तेव्हाही आकडा वरच राहिला तर मात्र गाठ शोधावीच लागेल. "पण सुटेल का त्यांना?" त्यांनी विचारलं. मी आईला जसंच्या तसं सांगितलं. तिने पाटल्या चढवल्या, कानातली घातली आणि डबी त्या मुलीच्या हातात दिली. "टाकून दे, बाय."

पुढचे तीन आठवडे आमच्या घराने जे भोगलं ते आम्हालाच ठाऊक. पहिले चार दिवस ती डोकं धरून बसली. पोट साफ होईना, झोप लागेना. ती टीव्हीशी भांडली, भाजीवाल्याशी भांडली, आयुष्यात पहिल्यांदा जावयाशीही भांडली. शेजारणीने मायेने ज्येष्ठमधाच्या काड्या आणून दिल्या, चघळायला. फॉर्मवर एकदा तोंडघशी पडले होते म्हणून मी आधी डॉक्टरांना विचारलं, तर ज्येष्ठमधानेही तो आकडा चढतो. काड्या परत गेल्या. "मग आता काय वारा खाऊ?" आई कडाडली.

नवव्या दिवशी शाळेतून आले तर ती गॅलरीत बसून कोरडंच बोट हिरड्यांवर फिरवत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी म्हटलं, "राहू दे, आई. लाव थोडीशी. आपण एमआरआयच करू."

"तू गप," ती म्हणाली. पदराने डोळे पुसले आणि आत जाऊन भाकऱ्या थापायला घेतल्या. त्या संध्याकाळी मला तिचा इतका अभिमान वाटला की भूक नसतानाही मी तिसरी भाकरी मागून घेतली.

तीन आठवड्यांनी पुन्हा दोन नळ्या आल्या. या वेळी अकरा वाजेपर्यंत ती हॉलमधून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून हॉलमध्ये येरझारा घालत होती. मागून तिची पाठ दिसायची, अगदी ताठ.

रिपोर्ट डॉक्टरांनीच वाचला. "दोन्ही नॉर्मल. गाठीचा संशय उरला नाही आणि ऑपरेशनचा विषय संपला. चेहरा-पोट हे वाढलेलं वजन, त्याचं आणि साखरेचं वेगळं बघू. मशेरी सुटली तसं बीपीसुद्धा उतरलंय, एक गोळी कमी करू." मी खुर्चीतच हुंदके द्यायला लागले. आईने डॉक्टरांना पुन्हा एकदा वाचायला लावलं. त्यांनी वाचलं, हसल्या आणि माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आजी, मुलगी हुशार आहे हो तुमची. वेळेवर शोधून काढलं तिने."

मी डोळे पुसून सरसावून बसले.

"हुडकलं तिनं," आई म्हणाली, "पन सोडली मी."