मापाच्या वहीतलं टिंब

डॉक्टरांनी खोलीतला दिवा बंद केला आणि खिशातली साधी टॉर्च सुजलेल्या जागेला मागून लावली. पुढून लालसर उजेड दिसला. ते म्हणाले, "बघा, उजेड आरपार जातोय. आत पाणी आहे. याला हायड्रोसील म्हणतात. अंडकोषाभोवतीच्या पिशवीत पाणी साठतं."

नऊ वर्षं जी गोष्ट मी गावात बायकोशिवाय कुणाला कळू दिली नव्हती, तिचं निदान अर्ध्या मिनिटात झालं. मला हायसं वाटायला हवं होतं. आला तो राग, आणि तो स्वतःचाच.

मी कोडोलीचा शिंपी, जातीनं नव्हे, कामानं. आमच्या बौद्धवाड्यात माझ्याआधी कुणी शिलाई मशीनवर बसलं नव्हतं. मला हे काम मास्तरांनी शिकवलं. मास्तर म्हणजे बाजारपेठेतल्या दुकानाचे मालक. त्यांनी मला दुकानात मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात न बसवता पुढं, लोकांना दिसेल असं बसवलं. त्या काळात ही लहान गोष्ट नव्हती.

त्यांनीच मला टिंब शिकवलं. माप घेताना पुरुषाच्या अंगाचं जे शिंप्याला कळतं ते घरच्यांनाही कळत नाही. एखाद्याला खाली सूज दिसली तर तोंडातून शब्द काढायचा नाही. मापाच्या वहीत नावापुढं टिंब द्यायचं आणि पँटचं आसन, म्हणजे दोन पायांमधली जागा, दोन बोटं ढिलं कापायचं. "गिऱ्हाइकाची लाज आपल्या कात्रीत असती," मास्तर म्हणायचे. मला हे फार थोर वाटायचं.

मग एक दिवस ते टिंब माझ्याच वाट्याला आलं. तिशी नुकतीच ओलांडली होती. मशीनवर पाय मारताना उजवीकडे जड वाटू लागलं. दुखत अजिबात नव्हतं, आणि तिथंच घात झाला. दुखलं असतं तर गेलो असतो. मी माझीच पँट ढिली शिवली. वर्षागणिक आणखी ढिली.

लाज जपत जपत परगावच्या एका सुईवाल्या वैदूकडेही गेलो. त्यानं पाणी काढलं, महिनाभर हलकं वाटलं, पुन्हा भरलं. दुसऱ्या वेळी सुईची जागा पिकली आणि ताप चढला. ताप उतरल्यावर बायको म्हणाली, "कोल्हापूरला दावायला न्हाय गेलासा, तर मी सगळ्या गल्लीत सांगती." तिच्या धमकीनं मी त्या टॉर्चपुढं आलो.

डॉक्टरांनी दोन प्रश्न विचारले. "झोपल्यावर सूज कमी होते का? खोकल्यावर काही खाली उतरतं का?" मी दोन्हींना नाही म्हणालो. ते का विचारताहेत हे मात्र विचारलं नाही. त्या न विचारण्याचा मला आजही पश्चात्ताप होतो.

मग सोनोग्राफी झाली. सोनोग्राफी म्हणजे आवाजाच्या लहरींनी घेतलेलं आतलं चित्र. पाण्याआड एखादी गाठ लपलेली नाही ना, हे त्यात बघतात. बाहेरच्या बाकावर आम्ही सहाजण होतो आणि प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी किंवा वर्तमानपत्र. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मी सवयीनं सगळ्यांची मापं डोळ्यांनीच घेतली.

गाठ निघाली नाही. डॉक्टरांनी समजावलं, "लहान असतं, त्रास नसता, तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. सुईनं पाणी काढतात ते ज्यांना भूल झेपत नाही त्यांच्यासाठी. पिशवी तशीच राहते, म्हणून परत भरते. तुम्हाला ऑपरेशनच बरं." संसाराचं काय, हे विचारताना माझी जीभ अडखळली. ते हसले नाहीत. म्हणाले, "सहसा काही फरक पडत नाही."

स्पायनल दिलं, म्हणजे पाठीच्या कण्यात इंजेक्शन. कमरेखालचं अंग माझं उरलं नाही, पण कान शाबूत होते. पाणी काढून पिशवी उलटी केली आणि शिवली, असं त्यांनी नंतर सांगितलं. झिजलेली कॉलर आम्ही उलटून शिवतो तसंच हे. दोन दिवस नळी होती, महिनाभर लंगोटासारखा आधार बांधावा लागला, सूज पुरती उतरायला दीड महिना गेला. चारचौघांसारखं ऑपरेशन. यासाठी नऊ वर्षं घालवली!

मी घरी पडून असताना मास्तर केळी घेऊन आले. बायको चहाला आत गेली तसे हळूच म्हणाले, "मला बी हायच की रं. तूच तर टिंब दिलंयस."

दिलं होतं. त्यांची नजर अधू झाल्यापासून त्यांचे लेंगे मीच शिवत होतो, ढिले.

"पर तुझ्यापरीस हलकं हाय," मास्तर म्हणाले. "आडवं झालं की आपसूक आत जातंय."

मी बरा झालेला माणूस, शहाणपण नुसतं उतू चाललं होतं. म्हणालो, "मग घाबरायचं कारण न्हाय, मास्तर. पाणीच हाय. लगीनसराई उरकली की दावू या."

डॉक्टरांचा प्रश्न मी ऐकला होता. मास्तरांचं उत्तरही ऐकलं. दोन्हींची सांगड घालायची अक्कल मला नव्हती.

लगीनसराई संपायच्या आत एका सकाळी मास्तरांना उलट्या सुरू झाल्या. सूज दगडासारखी झाली, आत जाईना. घरच्यांनी दिवसभर शेक दिला, कारण मास्तर कुणाला नीट बघूच देईनात. दुसऱ्या दिवशी मी आणि त्यांच्या मुलानं, विलासनं, त्यांना कोल्हापूरला नेलं. डॉक्टर तेच.

"हे पाणी नाही, हर्निया आहे," ते म्हणाले. म्हणजे पोटातलं आतडं खाली उतरतं. "ते अडकलंय, काळं पडलं असणार. आधी झोपल्यावर आत जात होतं का?"

विलास म्हणाला, "आमाला काय म्हाईत? ते कुणाला सांगायचेच न्हाईत."

मी शेजारी उभा होतो. मला माहीत होतं. मी भिंतीकडे बघत राहिलो. ऑपरेशन झालं, पण चौथ्या दिवशी मास्तर गेले.

तेव्हापासून टिंब बंद. कुणाचं आसन ढिलं करायची वेळ आली की टेप गळ्यात टाकून सरळ सांगतो, "आधी डॉक्टरला दावून या, मग कात्री लावीन." एकजण उसळला, "पावणं, शिवायचं काम करा की!" आणि कापड उचलून गेला. बरेच गेले. जाऊ देत. शाहूवाडीकडचा एकजण मात्र चार महिन्यांनी परत आला आणि म्हणाला, "आता बारीक करून द्या." ती पँट उसवताना मला रडू आवरलं नाही.

मंडळी, सूज म्हणजे पाणीच, असं स्वतः ठरवू नका. शेजाऱ्याचं पाणी होतं म्हणून तुमचंही पाणीच असेल असं नाही. लाज जपणारा प्रत्येकजण तुमचं भलं करतोच असंही नाही. मी मास्तरांची लाज शेवटपर्यंत जपली.

हे सगळं विलासला सांगायला मला सहा वर्षं लागली. गेल्या आठवड्यात हे लिखाण त्यालाच पहिल्यांदा वाचून दाखवलं. तो मला शिव्या देईल, दुकानातून हाकलेल, अशी तयारी ठेवली होती. त्यानं उठून दुकानाचं दार लोटलं.

मग म्हणाला, "काका, मला बी हाय. दोन वर्सं झाली."

विलास रेडीमेड पँटी घालतो. त्याचं माप मी कधी घेतलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीनं मी त्याला कोल्हापूरला घेऊन गेलो.