बेसवरचं व्होल्टेज

"सर, ट्रान्झिस्टर गेलाय. दुसरा द्या ना," प्रॅक्टिकलला एक विद्यार्थिनी म्हणाली. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर या पायावर पूर्ण नऊ व्होल्ट होते, तरी दिवा लागत नव्हता. मी मीटरची पिन बेसला, म्हणजे त्याच्या दुसऱ्या पायाला लावली. जेमतेम पॉइंट चार व्होल्ट.

"गेला नाही गं, नुसता बंद आहे. बेसवर पॉइंट सातच्या आसपास मिळाल्याशिवाय हा उघडत नाही. कलेक्टरला कितीही दे."

तिने बेसचा एक रेझिस्टर बदलला आणि दिवा लागला.

मला अण्णा आठवले. आई गेल्यावर माझे वडील बोलेनासे झाले. मी त्यांना मोठा टीव्ही आणला, खोलीत एसी बसवला, दिवसभराची बाई ठेवली. ते भिंतीकडे बघत बसत. "आता त्यांच्यात काही उरलं नाही," असं मीच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो.

आई रोज संध्याकाळी एवढंच विचारायची, "आज फिरताना कोण भेटलं हो?" तेवढ्यावर अण्णा तासभर बोलायचे. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी ते जाईपर्यंत मी एकदाही विचारलं नाही.

त्या विद्यार्थिनीने वही पुढे केली. मी सही केली. तो इवलासा दिवा मात्र मला बघवेना.