पिवळ्या पिशवीतल्या गोळ्या

"तोंड तिकडे कर," डॉक्टर म्हणाले. मी भिंतीकडे तोंड केलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसत होतं. त्यांनी माझ्या बोचक्यातली मिसरीची डबी दोन बोटांनी उचलली आणि उघडली.

आत सुट्या गोळ्या. टीबीच्या. मीच पाकिटातून काढून भरलेल्या. मंडणगडकडच्या काजूच्या कारखान्यात मी कामाला. टीबी कळला असता तर काजूला हात लावू दिला नसता. म्हणून पाकिटं चुलीत, गोळ्या डबीत. मिसरी लावणाऱ्या बाईला कोण काय विचारतो?

कोरोनाची दुसरी लाट. कारखान्यातल्या आम्ही सात जणी पॉझिटिव्ह. रत्नागिरीत एका वसतिगृहाचं इस्पितळ केलेलं, तिथे आणलं. दारातच सगळ्यांसमोर विचारलं, दुसरा काही आजार? मी म्हटलं, नाय. खोटं बोलले. ते मी लपवत नाही.

"हे काय? वैदूचं?"

"टीबीच्या गोळ्या हायत, सायेब."

"आत्ता तर नाही म्हणालीस." त्यांनी कागदावरचं माझ्या वाडीचं नाव वाचलं. आमच्याकडे वाडीवरून जात कळते. मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हा लोकांना खोटं बोलायची सवयच."

डबी पिवळ्या पिशवीत गेली. पिवळी पिशवी म्हणजे जाळायचा कचरा. मागच्या बायका दोन पावलं मागे सरकल्या.

मला राग आला नाही. काहीच आलं नाही. दाखवली त्या खाटेवर जाऊन पडले.

रोज सिस्टरला गोळ्या मागायचे. ती म्हणायची, डॉक्टरांनी लिहून दिल्या की देते. डॉक्टर दारातूनच बघून जायचे. टीबीच्या गोळ्यांनी लघवी लाल होते. तिसऱ्या दिवशी ती साधी झाली. औषध अंगातून गेलं, हे मला मोरीत कळलं. दोन महिने रोज उपाशीपोटी गिळलेलं. तरी रडू आलं नाही. ताप होता, धाप होती, छताचा पंखा होता.

दहाव्या दिवशी खोकल्यातून रक्त पडलं. तेव्हा धावपळ झाली. थुंकी तपासली. दोन्ही आजार एकदम, असं बोलले. डॉक्टर पहिल्यांदा खाटेपाशी आले. हातात कागद.

"सही कर. मग गोळ्या सुरू करू."

मी सातवी शिकलेय. वाचलं. 'रुग्णाने क्षयरोगाची औषधे स्वतःहून बंद केली.'

सिस्टर हळूच म्हणाली, "कर गो बाय. जिवापेक्षा कागद मोठा नाय."

जीव मलाही हवा होता. घरी माझी मुलगी होती. हात पेनाकडे गेलासुद्धा. पण ही ओळ गावच्या दवाखान्यात जाणार, कारखान्यात जाणार. मी मेले असते तरी तीच राहिली असती. दहा दिवस मेल्यासारखी पडलेली मी, तिथे पहिल्यांदा रागानं तापले.

मी त्या ओळीवर रेघ मारली. खाली लिहिलं, 'गोळ्या मी सोडल्या नाहीत. डॉक्टरांनी कचऱ्यात टाकल्या. नंतर मागितल्या, दिल्या नाहीत.' मग सही केली. नाव, आडनाव, वाडी.

"हे काय केलंस?"

"वाचा," मी म्हटलं. "मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू द्या."

वाचलं नाही. कागद घेऊन गेले. दुसऱ्या सकाळी गोळ्या आल्या. उपकार नव्हते ते. मी कुणाचे पाय धरले नाहीत.

तो कागद फाईलला लावला की फाडला, मला माहीत नाही. फाडला असेल तर मी परत लिहीन.