ताईच्या टाकीमागच्या चार वायरी

बाजारात त्याला सगळे झोळवाले म्हणत. हे काही आडनाव नव्हतं. वायरमनचं काम करताना बाहेरून येणारी कुठलीही वायर तो स्विचच्या पेटीत सरळ शिरू देत नसे. आधी तिला झोळ देऊन पेटीच्या खाली वीतभर लोंबू द्यायचा आणि मग वर वळवून आत घ्यायचा. गिऱ्हाइकाने नाक मुरडलं की शिडीवरूनच भाषण सुरू. "काका, पाणी लबाड असतं. वायर धरून धरून उतरतं. मध्ये झोळ भेटला तर तिथूनच खाली टपकतं. झोळ नसला की थेट तुमच्या सॉकेटात मुक्काम!" हे भाषण ऐकल्याशिवाय त्या बाजारात कुणाच्या दुकानात दिवा लागलेला नव्हता.

अख्ख्या जगात एकाच माणसासमोर ही टकळी बंद पडायची. ताईसमोर.

ताई त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी. तिने तीस वर्षं शिवणाचे वर्ग चालवलेले. टीप केसभर तिरकी गेली की "उसव," एवढंच म्हणायची, आणि चाळिशीच्या बायका मुकाट्याने उसवायच्या. आई गेल्यावर ह्याला तिनेच वाढवला, तेही त्याच शिस्तीत. त्यामुळे सेहेचाळिसाव्या वर्षी, दोन पोरींचा बाप झाल्यावरही, "अरे धाकट्या" अशी हाक आली की त्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

मागच्या मंगळवारी तशीच हाक आली. ताईच्या दिवाणखान्यात माशांची तीन फुटी टाकी होती. फिल्टर, हीटर, हवेचा पंप आणि दिवा, अशा चार वायरी काचेवरून लोंबत खाली एक्स्टेंशन बोर्डाकडे गेलेल्या.

"लोक मासे बघायला येतात की माझ्या दोऱ्या?" ताई म्हणाली. "एक वायर दिसता कामा नये."

त्याने मन लावून काम केलं. बोर्ड टाकीखालच्या कपाटात आतल्या बाजूला ठोकला. चारही वायरी पांढऱ्या प्लास्टिकच्या पट्टीत बंद केल्या आणि पट्टी भिंतीला अशी चिकटवली की शोधावी लागावी. कपाटात मात्र, बोर्डात शिरण्याआधी, चारही वायरींना झोळ दिला. ताई वाकली. चष्मा नाकावर ओढला.

"हे काय लोंबतंय?"

"ते होय... ताई, ते जरा..."

"जरा काय जरा? आतडी बाहेर आल्यासारखं दिसतंय. ओढून घे. पट्टी थेट बोर्डाला भिडव."

इथे खरं तर भाषण यायला हवं होतं. त्याने तोंड उघडलंसुद्धा. आणि त्यातून निघालं काय, तर "हो ताई."

पट्टी भिडवली. वायरी ताणून सरळ केल्या. "आता कसं, शिवल्यासारखं!" ताई म्हणाली. एवढी शाबासकी तिने त्याला लग्नातसुद्धा दिली नव्हती. ती घेऊन तो हवेत तरंगतच घरी गेला, आणि बाकीचं सगळं त्याच्या डोक्यातून गेलं.

रविवारी सकाळी चष्म्याच्या दुकानाबाहेर तो दिवा बसवत होता. शिडी चढला, वायरीला झोळ दिला.

"हे शेपूट कशाला सोडलंय?" खालून दुकानदार.

"काका, पाणी लबाड असतं. वायर धरून उतरतं. मध्ये झोळ नसला की थेट..."

वाक्य तिथेच तुटलं.

"थेट काय? अहो झोळवाले, थेट काय?"

थेट ताईचा बोर्ड. आज रविवार. दर रविवारी अकराच्या ठोक्याला ताई टाकी साफ करायला घेते. बादलीने पाणी उपसते, कोपरापर्यंत हात घालून काच घासते, आणि माशांना त्रास नको म्हणून सगळं चालूच ठेवते. पाणी वायरींवर सांडणार, पट्टीत शिरणार, आणि पट्टी तर त्यानेच बोर्डाला भिडवलेली. घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती.

त्याने ताईला फोन लावला. वाजून वाजून थांबला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मग भाऊजींना.

"हां, बोला बोला!" भाऊजींना फोनवर घाई कधी सोसायचीच नाही. "आज कशी काय आठवण झाली आमची?"

"भाऊजी, ताई कुठंय?"

"ती कुठं असणार? घरी. मी आपला कटिंगला बसलोय. टाकी काढली की आमची हकालपट्टी होते हो. म्हणते, तुम्ही नुसते मधे मधे..."

"सुरू केली का तिनं?"

"निघालो तेव्हा पदर खोचलेला होता बघा. आणि बादली..."

पुढचं त्याने ऐकलं नाही. शिडी भिंतीला तशीच, पक्कड पायरीवर, दिवा अर्धा लोंबकळत. "अहो, माझा दिवा!" दुकानदार ओरडत राहिला आणि स्कूटर चौकात पोचलीसुद्धा. चौकात सिग्नल लाल. आकडे उलटे मोजत होते. चौसष्ट. त्रेसष्ट. "ताई, आज आळस कर," तो हेल्मेटमध्ये पुटपुटत होता. "आयुष्यात एकदा आळस कर." एकावन्नवर त्याचा धीर सुटला आणि त्याने सिग्नल तोडला.

इमारतीच्या जिन्याखाली सहा मीटर, जाळीच्या दारामागे. दाराला कुलूप. धावत वर जावं? दोन मजले. आणि त्याच्या हाकेने ताई दचकून भलतीकडेच हात टाकेल तर? त्याने खिशातला स्क्रूड्रायव्हर कडीत घातला आणि सगळा जीव लावून उचकटला. ताईच्या मीटरचं बटण कुठलं हे बघायलाही तो थांबला नाही. सहाच्या सहा खाली ओढली.

पहिल्या मजल्यावरचा मिक्सर घरघरत थांबला. मग जिन्यात आवाज सुरू झाले. "अहो, तुमची पण गेली का?" "रविवारीच बरी जाते हो ह्यांची!" "कोण आहे रे खाली?"

ताईचा आवाज नव्हता. लाइट गेली की ह्या इमारतीत पहिला आवाज ताईचा असतो.

जिना तो कसा चढला ते त्यालाच माहीत. दार नुसतं लोटलेलं. आत ताई टाकीपासून चार पावलं मागे उभी होती. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले, बोटांतून पाणी ठिबकत होतं.

"कपाटात चर्र झालं," ती अगदी हळू म्हणाली. "मी हात काढला. आणि लगेच लाइट गेली."

तो भिंतीला टेकला. मग गुडघ्यांवर बसून त्याने कपाट उघडलं, पट्टीचं झाकण सोलून काढलं, आणि आतून पाण्याची धार सुटली. बोर्डाचं वरचं सॉकेट कडेने काळं पडलं होतं. जळकट वास आला.

"हे कशानं?" ताईने विचारलं.

"माझ्यामुळं." आणि मग त्याने सगळं सांगितलं. झोळ म्हणजे काय, तो का द्यायचा, आणि मंगळवारी तो दिलेला असताना का काढला.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू ओरडली असतीस."

"अरे गाढवा," ताई म्हणाली, "ओरडले असते तर ओरडले असते. मेले तर नसते."

ती खुर्चीवर बसली आणि ओले हात पदराने पुसत राहिली, कोरडे झाल्यावरसुद्धा.

त्याने खाली जाऊन बाकीच्या पाच घरांची लाइट चालू केली आणि येताना नवा बोर्ड आणला. तो कपाटाबाहेर, टाकीपासून लांब आणि उंच ठोकला. चारही वायरी पट्टीबाहेर काढल्या, त्यांना ढळढळीत झोळ दिले. ताई वाकून एकेक झोळ बघत होती. मग खाली जाऊन त्याने तिचंही बटण चालू केलं. पंप बुडबुडू लागला.

अर्धी काच अजून हिरवीच होती. ताई टाकीजवळ आली, पण हात पुढे होईना.

"झालं ना सगळं नीट?"

"झालं."

"मग आधी तू घाल हात. बघू दे मला."

त्याने बाहीला हात घातला आणि थांबला.

"नाही घालणार."

"काय?"

"चालू असताना हात घालायचा नाही, ताई. तू नाही आणि मीही नाही. आधी बटण बंद, मग हात."

ताईच्या भुवया वर गेल्या. तिच्या वर्गात असं कुणी कधी बोललं नव्हतं. तो तिच्या नजरेला नजर देऊन उभा होता आणि त्याचे कान लालभडक झाले होते.

"कुठलं बटण?" तिने विचारलं.

त्याने बोर्डाकडे बोट दाखवलं. ताईने ते खट्कन बंद केलं, बुडबुडे थांबलेले नीट पाहून घेतले, आणि पदर खोचून काच घासायला घेतली.