त्रेसष्ट सालचा सायकल-बिल्ला

जळगावच्या पिंप्राळ्यात आमच्या समोर राहणाऱ्या लीलाधरभाऊ चिरमाडेंना सायकल चालवता येत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण गेली एकोणीस वर्षं ते सायकलचे बिल्ले जमवत आहेत. पूर्वी सायकलवर नगरपालिकेचा कर असायचा. वर्षाचा कर भरला की पितळी बिल्ला मिळे, तो सायकलला अडकवायचा. लोकांनी शिव्या देत घेतलेली आणि कर बंद होताच भंगारात टाकलेली ही वस्तू लीलाधरभाऊ मखमलीवर मांडतात. पाहुणा आला की चहाच्या आधी ती मखमल येते. पुष्कळ पाहुणे चहापर्यंत टिकत नाहीत.

एस.टी. डेपोत नोकरीला होते तेव्हा त्यांचं मत कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. निवृत्तीनंतर ते अभ्यासक झाले. भिंगातून पाहून "ह्याचं भोक हातानं पाडलेलं आहे" असं सांगताना तर ते थेट वैद्य वाटतात. सुलक्षणावहिनींनी एका दिवाळीत भांड्यांबरोबर अकरा बिल्लेही चिंच लावून लख्ख केले. जुनेपणा गेला म्हणून नवऱ्यानं अन्न सोडलं. "तिसऱ्या दिवशी भरीत केलं," वहिनी सांगतात, "मग आले माणसात."

जळगावचे ओळीनं चोवीस वर्षांचे बिल्ले, त्यात फक्त त्रेसष्टचा नाही. धुळ्याला दर जानेवारीत संग्राहकांचं प्रदर्शन भरतं. तिथं पूर्ण मालिकेला हॉलच्या मधलं टेबल, अपुरीला चपलांच्या स्टँडशेजारचं. गेल्या वर्षी मधल्या टेबलावरून धुळ्याचे युवराज देवरे मुद्दाम उठून आले आणि म्हणाले, "भाऊ, पुढचा दात पडल्यासारखं दिसतं हो तुमचं." लीलाधरभाऊ वर्षभर ते वाक्य चघळत होते.

डिसेंबरात त्यांना व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. चाळीसगावजवळच्या खेड्यातली म्हैस, आणि तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात त्रेसष्ट. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथं. मी का गेलो, हे माझी बायको अजून विचारते.

म्हशीची मालकीण मंजुळाबाई गोठ्यात शेण भरत होत्या. लीलाधरभाऊंनी खिशातून एकसष्टचा जादा बिल्ला काढला. "अक्का, तो मला द्या. बदल्यात हा घ्या. तसाच आहे, पितळेचा."

"म्हैसले इचारं का, भाऊ?"

बिल्ला त्यांच्या मालकांच्या सायकलचा. मालक जळगावला कामाला असत. ते गेले, सायकल गेली, बिल्ला खुंटीला राहिला. पारडू मेल्यावर म्हैस पान्हा सोडेना, तेव्हा बाईंनी तो तिच्या गळ्यात बांधला आणि दूध सुरू झालं. आता म्हैस आटली तर खायचं काय?

"पितळ पितळच असतं, अक्का."

"मंग बांधा तुमना. दूध उनं ते मना लई जा."

दूध आलं तर त्रेसष्ट आपला, या अटीवर लीलाधरभाऊंनी अदलाबदल केली, त्रेसष्ट खिशात घातला आणि म्हशीपासून दोन हातांवर उभे राहिले. अंगात सफारी, डोक्याला वासाचं तेल, हातात भिंग. मी म्हटलं, "जरा रस्त्यावर थांबा, जनावर बुजतंय." ते म्हणाले, "व्यवहार समोरासमोर झाला पाहिजे." म्हशीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि पान्हा चोरला. मंजुळाबाईंनी गोंजारलं, पेंड दाखवली. एक थेंब नाही.

"आना भाऊ," त्यांनी हात पुढे केला.

रस्त्यावर चाळीसगावची एस.टी. उभी होती. बाईंचा दुसरा हात म्हशीच्या पाठीवर होता. या माणसानं पळ काढला असता तर मी थांबवलं नसतं, उलट पुढे धावलो असतो. पण लीलाधरभाऊंनी खिशातून बिल्ला काढला, एकदा भिंगातून पाहिला, बाईंच्या हातावर ठेवला आणि तोंड फिरवून पार रस्त्यापर्यंत गेले. तेल गेलं, भिंग गेलं. बाईंनी त्रेसष्ट पुन्हा गळ्यात बांधला आणि बादलीत धार वाजली.

"दखा," मंजुळाबाई मला म्हणाल्या.

एस.टी.त ते गंभीरपणे म्हणाले, "श्रद्धेपुढे अभ्यास काय करणार!" दुधाच्या आड श्रद्धा नव्हे, कोण उभं होतं, हे मी त्यांना सांगितलं. जळगावपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत, हा त्या प्रवासातला एकमेव आराम.

जानेवारीत धुळ्याला पुन्हा चपलांचा शेजार मिळाला. मोकळ्या जागी लीलाधरभाऊंनी सुंदर अक्षरात चिठ्ठी लावली: 'त्रेसष्ट: वापरात आहे.' चपला काढणारी माणसं एका पायावर उभी राहून ती वाचू लागली. शेवटी युवराजही आले. दाताचा विषय त्यांनी काढला नाही. इकडंतिकडं पाहत हळूच विचारलं, "भाऊ, कुठं वापरात आहे म्हणे?"

"म्हशीच्या गळ्यात. पहूरला," लीलाधरभाऊ म्हणाले.

पहूर चाळीसगावपासून लांब, भलत्याच दिशेला आहे. युवराजांनी गावाचं नाव वहीत लिहून घेतलं, म्हशीची खूण विचारली, आणि लीलाधरभाऊंनी भिंग पुसत पुसत तिच्या शिंगांचा बाक, शेपटाचा गोंडा सगळं सविस्तर सांगितलं.